सतरा नंबरचे दोन जोड

सामन्याला अजून तीन तास होते, आणि ताई मैदानाच्या एका कडेला गुडघे टेकून, बोटं गवतात खुपसून बसली होती. बोटं बाहेर काढली तर नखांत काळी ओली माती. मग ती उठली, अख्खं मैदान आडवं ओलांडून समोरच्या कडेला गेली आणि तिथंही तशीच बसली. तिथं बोट काही आत जाईना.

"काही हरवलंय का?" मैदान सांभाळणारा पाण्याची नळी गुंडाळत विचारत होता.

"नाही हो. ही बाजू एवढी कडक कशी?"

"त्या बाजूला स्टँडची सावली पडते. दुपार झाली तरी वाळत नाही. इथं सकाळपासून ऊन. पाणी मी दोन्हीकडे सारखंच मारतो, ऊन काही माझ्या हातात नाही." मग जरा अभिमानानं म्हणाला, "पण गवत बघा कसं दाट आहे. मुळं अशी घट्ट आहेत, की काय रोवाल ते धरून ठेवतात."

ताई स्टँडखालच्या तिच्या खोलीकडे वळली.

ताई फुटबॉल क्लबचं साहित्य सांभाळायची. स्टँडखालच्या त्या बुटक्या खोलीत दोन धुलाई यंत्रं होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या होत्या, आणि नंबर टाकलेल्या लाकडी फळ्यांवर बावीस जणींचे बूट. प्रत्येक बुटात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. बूट उलटा करून तळ पाहिला, की आदल्या दिवशी कोण मनापासून धावलं आणि कोण नुसतं उभं राहिलं हे ताईला कळायचं. तिला तिथं सगळ्याच ताई म्हणायच्या, प्रशिक्षक मॅडमसुद्धा, कारण सतरा नंबरची खेळाडू तिची सख्खी धाकटी बहीण होती आणि ती दिवसातून पन्नास वेळा "ताई, ताई" करत त्या खोलीत घुसायची.

धाकटीला भिंगरी म्हणत. चेंडू घेऊन कडेनं सुसाट निघायची, समोरची, अडवणारी बॅक अंगावर आली की पाय रोवून जागच्या जागी अशी गर्रकन वळायची, की ती बॅक दोन पावलं भलतीकडेच जाऊन पडायची. लोक तेवढं एक वळण बघायला यायचे.

चौदा महिन्यांपूर्वी त्याच वळणावर तिचा डावा गुडघा गेला होता.

भिंगरीकडे बुटांचे दोन जोड होते. एकाच्या तळाला चपटी, लांबट पाती. ती जमिनीत चावा घेतल्यासारखी रुततात. धावताना जोर मिळतो, वळताना पाय घसरत नाही. दुसऱ्याच्या तळाला गोल, बोथट स्टड, शिवणकामातल्या अंगुस्तानासारखे. त्यांची पकड कमी, पण शरीर वळलं की त्यांच्याबरोबर पायही वळतो, जमीन त्याला सोडते. पाती सोडत नाहीत. आणि पाय अडकून अंग पुढं गेलं, की मधल्या मधे पिळवटतो तो गुडघा.

हे ताईला तेव्हाही ठाऊक होतं. त्या दिवशीचा सामना प्लास्टिकच्या गवतावर होता. त्या गवतात पाती अडकतात, तिथं गोल स्टडच घालायचे, असं फिजिओनं ठळक अक्षरांत लिहून ताईच्या खोलीच्या दारावर चिकटवलेलं होतं. ताईनं भिंगरीचे गोल स्टडचे बूट आदल्या दिवशी धुतले आणि टबातच विसरली. सकाळी बस सुटायच्या वेळी आठवण झाली, तेव्हा बुटांतून पाणी निथळत होतं.

"ताई, हे कसले? गोल कुठायत?" कपडे बदलण्याच्या खोलीत भिंगरीनं विचारलं होतं.

"अगं, चालतील आजच्या दिवस."

तेविसाव्या मिनिटाला भिंगरी वळली. अंग वळलं, पाय राहिला तिथंच. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, तो बाकावर बसलेल्या ताईला ऐकू आला.

बुटांबद्दल कुणी विचारलंच नाही. डॉक्टर म्हणाले, हे कुणालाही होऊ शकतं. मॅडम म्हणाल्या, नशीब. आणि भिंगरी पांढऱ्या चादरीवर पडून म्हणाली, "माझंच वळणं चुकलं गं ताई. पाय टाकायलाच चुकले मी." तेव्हाच सांगायचं होतं. उद्या सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला, महिना गेला. मग शस्त्रक्रिया, मग कुबड्या, मग ते रोजचे व्यायाम. ताई शेजारी बसून आकडे मोजायची, बर्फाच्या पिशव्या बांधायची, भिंगरी रडली की डोकं मांडीवर घ्यायची. आई फोनवर म्हणायची, "तू आहेस म्हणून ही उभी राहिली बघ." ते ऐकलं, की ताई फोन भिंगरीकडे देऊन टाकायची.

आज भिंगरीची परीक्षा होती. हंगामाची यादी संध्याकाळी द्यायची होती, बावीस नावांची. एकवीस लिहून झाली होती. मॅडमनी भिंगरीला समोर बसवून सांगितलं होतं, "शेजारच्या क्लबाबरोबर सराव सामना आहे. त्यात तू पूर्ण नव्वद मिनिटं खेळायचंस. गुडघा बरा झालाय हे फिजिओ सांगतो, ते मी ऐकलं. पण तू अजून वळतेस का, ते मला डोळ्यांनी बघायचंय."

भिंगरी पंचवीस वर्षांची होती. या वर्षी यादीत नाव आलं नाही तर पुढच्या वर्षी कोण विचारणार होतं!

फिजिओचं मत साधं होतं. "मला विचाराल तर गोल. पण मी काही तिच्या पायात बूट चढवायला जाणार नाही. खेळणाऱ्यानं ठरवायचं असतं ते."

आणि खेळणारीनं ठरवलेलंच होतं. कपडे बदलण्याच्या खोलीत शिरल्या शिरल्या भिंगरीनं हात पुढं केला. "पात्यांचे दे."

ताई ट्रंकेत डोकं घालून मोजे मोजत होती. "ते नाही आणले."

"म्हणजे?"

"तळ सुटलाय एकाचा. चिकटवायला दिलाय."

भिंगरी बघतच राहिली. "आज? आजच दिलास?"

"आज नाही, परवाच दिलाय. अजून मिळाला नाही."

खोटं होतं ते. पात्यांचे बूट त्याच ट्रंकेत तळाशी, सरावाच्या पिवळ्या बंड्यांखाली पडलेले होते. ताईनं ते साहित्याच्या खोलीतून निघताना दोनदा बाहेर काढले आणि दोनदा परत आत ठेवले होते.

बाकीच्या पोरी बघत होत्या. तिनं गोल स्टडचे बूट ओढून घेतले आणि नाडी अशी करकचून आवळली, की बोटं पांढरी पडली.

भिंगरी उजव्या बगलेनं, म्हणजे उजव्या कडेनं, खेळायची. नाणेफेक झाली, आणि पहिल्या डावात तिची उजवी बगल आली नेमकी सावलीच्या बाजूला. ताई बाकाच्या टोकाला बसली होती, मांडीवर पाण्याच्या बाटल्या. आठव्या मिनिटाला भिंगरीला चेंडू मिळाला. ती निघाली, समोरून निळ्या संघाची तीन नंबरची बॅक आली, भिंगरीनं पाय रोवला, आणि तो पाय साबणावर पडावा तसा निसटला. ती कुशीवर आपटली. चेंडू बाहेर गेला.

"होतं असं, ऊठ!" मॅडम ओरडल्या.

विसाव्या मिनिटाला पुन्हा तेच. या वेळी स्टँडमधून कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा भिंगरी घसरली नाही, कारण ती वळलीच नाही. वळायच्या जागी थांबली आणि चेंडू मागं देऊन टाकला. मॅडमनी हाताची घडी घातली. ती घडी मध्यंतरापर्यंत सुटली नाही.

ताईला मॅडमकडे बघवेना आणि मैदानाकडेही बघवेना. मी हिचा गुडघा वाचवतेय, असं ती स्वतःला सांगत होती. मग वाटे, गुडघा वाचवून करायचं काय, जर तो घेऊन घरी बसायचं असेल तर? आणि लगेच तो फांदी मोडल्याचा आवाज कानात येई. दोन्हीकडून तिची कोंडी झाली होती आणि ती तिनंच केली होती.

मध्यंतरात मॅडम भिंगरीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "पहिली दहा मिनिटं बघते. मग बदली करीन. वाईट वाटून घेऊ नकोस."

भिंगरीनं मान हलवली आणि मॅडमची पाठ वळताच बाकांवरून फिरायला लागली. "कुणाकडे पात्यांचा जोड आहे का गं? जास्तीचा? प्लीज." एकीचे लहान होते. राखीव गोलकीपरचे होते, पण दोन नंबर मोठे. "दे. दोन मोजे घालते आत." आणि तिनं खरोखर मोज्यावर मोजा चढवायला सुरुवात केली.

सैल बुटात तो पाय, त्यातून पाती, त्यातून ती कडक बाजू. आता मैदानाच्या बाजू बदलणार होत्या. दुसऱ्या डावात भिंगरी उन्हाच्या बाजूनं धावणार होती.

ताईनं तिचा दंड धरला. "इकडे ये."

"सोड, वेळ नाहीये."

"ये म्हणते ना!"

तिनं तिला जवळजवळ ओढतच साहित्याच्या खोलीत नेलं. ट्रंक मागोमाग फरफटत आणली, दार लावलं आणि पिवळ्या बंड्या जमिनीवर फेकत तळातून पात्यांचे बूट बाहेर काढले. तळ धड होता. नुकताच पुसलेला होता.

भिंगरीनं बुटांकडे पाहिलं, मग ताईकडे. "तू लपवलेस?"

"हो."

"दोनदा आपटले मी. तू बाकावर बसून बघत होतीस!"

"ऐक. आता तू पलीकडच्या बाजूला जाणारेस. तिथं जमीन कडक आहे, मुळं घट्ट आहेत. तिथं गोल स्टडनंसुद्धा घसरणार नाहीस, मी सकाळी बघून आलेय. पाती घातलीस तर पाय अडकेल. त्या दिवशी अडकला तसाच."

"त्या दिवशी मी चुकले होते!"

"नव्हतीस चुकली."

हे शब्द तोंडातून कसे निघाले हे ताईला कळलंच नाही. पण निघाले, आणि मग पाठोपाठ सगळंच निघालं. टबात विसरलेले बूट, निथळणारं पाणी, दारावरची ती चिठ्ठी. "तू विचारलंस मला, गोल कुठायत. मी म्हटलं चालतील. मला माहीत होतं चालणार नाहीत. बस सुटत होती, मॅडम ओरडतील म्हणून... तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं."

एक धुलाई यंत्र घरघरत होतं. भिंगरी स्टुलावर बसली. डावा गुडघा तिनं दोन्ही हातांनी धरला.

"चौदा महिने," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "चौदा महिने मी मनातल्या मनात तेच वळण घेतेय. पाऊल इथं टाकलं असतं तर, खांदा आधी वळवला असता तर. आयुष्यभर जे येत होतं ते मला आता येत नाही, असं वाटायला लागलं मला. चालायला लागले तरी विचार करून पाय टाकत होते. आणि तू शेजारी बसून आकडे मोजत होतीस. एक, दोन, तीन, शाब्बास."

"भिंगरे..."

"हात लावू नको."

तिनं पात्यांचे बूट ओढून घेतले. नाड्या बांधताना गाठ दोनदा सुटली. सवयीनं ताई खाली वाकली, तर भिंगरीनं पाय मागं घेतला. "आज मला कुणी सांगायचं नाही, पायात काय घालायचं. तू तर नाहीच नाही."

दुसरा डाव सुरू झाला, आणि भिंगरी उडाली. दुसरा शब्दच नाही त्याला. पहिल्याच चेंडूला ती कडेनं निघाली, तीन नंबरची बॅक आडवी आली, भिंगरी गर्रकन वळली आणि ती बॅक रिकाम्या गवताकडे बघत राहिली. स्टँडमधून आरडाओरडा झाला. मॅडमच्या हाताची घडी सुटली. दहा मिनिटं झाली तरी त्यांनी बदलीचं नाव काढलं नाही. भिंगरीनं दोन चेंडू असे आणून दिले, की लाल संघाच्या पोरींनी फक्त पाय लावणं बाकी होतं. एक आत गेला.

बाकीचे टाळ्या वाजवत होते. ताई मात्र प्रत्येक वळणाला डोळे मिटत होती. भिंगरी रागानं खेळत होती. पाय गवतात असा मारत होती, जणू जमिनीनंच तिचं काहीतरी घेतलं होतं.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला ती वळली आणि पडली. गुडघा पोटाशी घेऊन पडली.

ताईनं काही पाहिलं नाही, काही विचार केला नाही. मांडीवरच्या बाटल्या घरंगळल्या आणि ती रेघ ओलांडून मैदानात धावत सुटली. "थांबवा! अहो, थांबवा!"

पंचांची शिट्टी वाजली. सगळं जागच्या जागी थांबलं, आणि मग ताईला दिसलं. भिंगरीला काहीच झालं नव्हतं. बॅकनं शर्ट ओढला म्हणून ती पडली होती, आणि पडता पडता तिनं चेंडू पुढं दिला होता. पंचांनी मुद्दाम खेळ चालू ठेवला होता, कारण लाल संघाची पुढची पोर गोलकीपरसमोर एकटी होती. ती आता चेंडूवर पाय ठेवून, तोंड उघडं टाकून ताईकडे बघत होती.

"ही कोण बाई?" पंच ओरडले. "बाहेर! मैदानाच्या बाहेर, अगदी फाटकाबाहेर!"

भिंगरी उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच ताईला सहन होईना. ती एवढंच म्हणाली, "ताई, अजून किती करशील गं?"

फाटकाबाहेर ताई भिंतीला टेकून उभी राहिली. भिंत उंच होती. फाटकाच्या गजांतून नुसती आतली वाट दिसत होती; मैदान बघायची सोय म्हणजे वॉचमनच्या चौकीतली टिचभर खिडकी, आणि तिला वॉचमननं आपलं डोकं लावलेलं.

"दादा, सतरा नंबर दिसते का?"

"लाल की निळे तुमचे?"

"लाल."

"लालवाल्या बऱ्याच आहेत."

"पाठीवर सतरा, सतरा!"

"मावशी, त्या धावतायत. धावणाऱ्या माणसाची पाठ कशी वाचू?" तो बिचारा मान वेळावून बघत होता. "एक आहे. कडेनं पळतेय."

"लंगडते का?"

"कोण?"

"ती! जी पळतेय ती!"

"पळतेय म्हणजे लंगडत नसणार ना."

ताईला हसू यायला हवं होतं. ती खाली बसली. आतून ओरडा आला, विरला. पुन्हा आला. आणि मग एक किंकाळी आली. पाठोपाठ शिट्टी, आणि मग काहीच नाही.

"कुणीतरी पडलंय," वॉचमन म्हणाला.

"कोण? कोण पडलंय?"

"गर्दी झालीय. दिसत नाही." मग थोड्या वेळानं, "सतरा म्हणालात ना? एक आणि सात?"

"हो!"

"ती खाली बसलीय. तोंड झाकून."

ताईनं फाटकाच्या गजांना धरून हलवलं. पंचांनी बाहेर ठेवायला सांगितलंय, असं वॉचमन सांगत राहिला, पण त्याचाही आवाज पडला होता. चार जणी स्ट्रेचर घेऊन येताना दिसल्या. फिजिओ शेजारून धावत होता, हातात लाल झालेला टॉवेल. ताई मनाशी घोकत होती, मीच केलं, मीच दिले, मीच दिले.

स्ट्रेचरवरची मुलगी निळ्या शर्टात होती.

तीन नंबरची बॅक. एकोणीस-वीस वर्षांची, केसांची घट्ट वेणी, चेहरा कागदासारखा पांढरा. तिचा मोजा खाली सरकला होता, आतलं प्लास्टिकचं कवच निसटलं होतं, आणि नडगी घोट्यापासून वरपर्यंत उभी फाटली होती. चाकूनं कापावी तशी, सरळ. मागून भिंगरी येत होती, आपल्या दोन्ही पायांवर, धडधाकट. तिच्या उजव्या बुटाच्या पात्यांना रक्त होतं.

"मी मुद्दाम नाही केलं," ती कुणाला तरी, कुणालाच नाही, सांगत होती. "मी वळले. तिचा पाय खाली आला. मी मुद्दाम नाही केलं."

सकाळपासून त्या दोघी एका गुडघ्याचा विचार करत होत्या. पात्यांसमोर आणखी एक पाय असतो, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

रुग्णवाहिकेचं दार लावत होते तेव्हा मॅडम मैदानातून हाका मारत होत्या. वीस मिनिटं उरली होती, पंचांनी पिवळ्या कार्डावर सोडलं होतं, भिंगरी खेळू शकत होती. भिंगरीनं मागं वळून पाहिलं. मग तिनं दोन्ही हात हलवून बदलीची खूण केली आणि रुग्णवाहिकेत चढली. ताई रिक्षानं मागोमाग गेली.

रुग्णालयाच्या लांबलचक खोलीत, पडद्यापलीकडे, त्या मुलीला अकरा टाके पडले. हाड शाबूत होतं. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे धावायचं नाही, आणि इतका वेळ दात आवळून पडलेली ती मुलगी तेव्हा मात्र हमसाहमशी रडली. "माझं या वर्षी पहिल्यांदाच नाव आलं होतं यादीत," ती म्हणाली.

भिंगरी खाटेपाशी उभी होती, पायांत रबरी चपला, बूट कुठंतरी राहिलेले. "मला माफ कर," ती म्हणाली. "मी ते बूट घालायला नको होते. मला सांगितलं होतं."

मुलीनं नाक पुसलं. "पात्यांचे होते ना?"

"हो."

"मीही तेच घालते. पकड चांगली मिळते ना." आणि एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी मॅडम आल्या. आधी आत जाऊन त्या मुलीला भेटल्या, मग बाहेरच्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"यादी दिली मी. त्यात तू नाहीस."

भिंगरीनं मान हलवली.

"गुडघा चांगला आहे. वळणंही आहे, पूर्वीपेक्षा बरंच म्हणायचं. पण मी नव्वद मिनिटं सांगितली होती, तू सत्तराव्या मिनिटाला निघालीस. का निघालीस ते मला कळतं. तरी पण." त्या थांबल्या. "तीन महिन्यांनी यादीत बदल करता येतो. तोवर सरावाला येत जा. वचन देत नाही, आधीच सांगते." मग ताईकडे वळल्या. "आणि ताई, तुम्ही रेघेच्या आसपास दिसायचं नाही. खोलीतलं काम करा, बाकावर बसू नका."

"मॅडम, मला आणखी एक सांगायचंय. चौदा महिन्यांपूर्वी..."

"उद्या," मॅडम म्हणाल्या. "आज मला आणखी काही ऐकवत नाही."

त्या गेल्या. रुग्णालयातल्या लोकांच्या पाळ्या बदलत होत्या. एक बाई फरशी पुसत पुसत बाकापर्यंत आली, दोघींनी पाय वर घेतले, ती पुढं गेली. भिंगरीचा फोन वाजत होता. आईचा होता. तिनं तो उचलला नाही, ताईकडेही दिला नाही.

"उद्या मॅडमना सांगणारेस?" तिनं विचारलं.

"हो."

"काढून टाकतील तुला."

"टाकू देत."

भिंगरी समोरच्या भिंतीकडे बघत होती. "मी तुझ्यावर रागावलेय. नुसती आजच्यापुरती नाही. मला वाटतं मी खूप दिवस रागावून राहणार आहे."

"राहा," ताई म्हणाली.

"बोलणार नाही मी घरी."

"नको बोलूस."

"आणि माझं काही धुवायचं नाही, काही आणून द्यायचं नाही. माझं मी बघेन."

"बरं."

भिंगरी उठायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. इतक्या दिवसांनी सत्तर मिनिटं धावल्यावर, मग दोन तास बाकावर बसल्यावर, डावा गुडघा जाम झाला होता. तिनं बाकाच्या कडेला हात टेकून पाहिलं, पुन्हा खाली बसली. ताई हलली नाही. मांडीखाली हात दाबून बसून राहिली.

आत पडद्यापलीकडून त्या मुलीनं नर्सकडे पाणी मागितल्याचं ऐकू आलं.

"अगं, बघत काय बसलीस?" भिंगरी चिडून म्हणाली. "हात दे."